जुनं ऑइल पेंटिंग ‘दुरुस्त’ करतात म्हणजे नेमकं काय करतात?

तो व्हिडिओ कधी ना कधी सगळ्यांच्याच फीडमध्ये येतो. तपकिरी पडलेलं कुठल्यातरी बाईचं जुनं पोर्ट्रेट, हातमोजा घातलेला एक हात, कापसाचा बोळा, आणि तो गालावरून फिरला की खालून एकदम गुलाबी कातडी बाहेर. खाली कमेंट्समध्ये दोन पार्ट्या ठरलेल्या, एक म्हणते काय जादू आहे, दुसरी म्हणते अहो मूळ रंगच खरवडून काढला की यांनी. मग कोणीतरी स्पेनमधल्या बोर्हा गावातल्या त्या येशूच्या चित्राचा फोटो टाकतंच, २०१२ मध्ये एका आजीबाईंनी चांगल्या मनाने चर्चच्या भिंतीवरचं चित्र सुधारायला घेतलं आणि येशूचं माकड झालं, ते जगभर गाजलेलं प्रकरण.

त्यात २०२५ च्या जूनमध्ये आणखी एक भर पडली. एमआयटीतल्या ॲलेक्स काचकिन या संशोधकाने पंधराव्या शतकातल्या एका भयंकर खराब झालेल्या ऑइल पेंटिंगवर प्रिंट केलेली पातळ फिल्म बसवली, ५,६१२ ठिकाणी रंग गेलेला होता तो ५७,३१४ छटांनी भरून निघाला आणि हे सगळं साडेतीन तासात. ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात ते छापून आलं. बातमी वाचून साहजिकच प्रश्न पडतो की साडेतीन तासात होतंय तर मोठमोठ्या म्युझियममधे हीच कामं वर्षानुवर्षं का रेंगाळतात, हे लोक इतके दिवस करत काय असतात?

तर गोष्ट अशी आहे की गेलेल्या जागी रंग भरणं हा या कामातला सगळ्यात शेवटचा आणि बऱ्याचदा सगळ्यात छोटा भाग असतो. त्याआधी जे चालतं ते व्हिडिओत फारसं दिसत नाही कारण ते बघायला कंटाळवाणं आहे. तेच जरा नीट बघू.

आधी चित्र बनतं कशाचं

समोरून सपाट दिसलं तरी ऑइल पेंटिंग चार-पाच थरांचं असतं. सगळ्यात खाली आधार, म्हणजे लाकडी चौकटीवर ताणून बसवलेला कॅन्व्हास, बहुतेक वेळा लिननचा, आणि त्याहून जुन्या चित्रांत सरळ लाकडाची फळी. कॅन्व्हासवर सरसाचा एक हात मारलेला असतो, कारण तेल थेट कापडात मुरलं तर कापड कालांतराने ठिसूळ होतं. त्याच्यावर प्रायमर, म्हणजे खडूची पूड आणि सरस किंवा शिशाचा सफेदा आणि तेल असं काहीतरी. त्याच्यावर खरे रंग, म्हणजे रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटून केलेले, कधी एकावर एक पातळ पारदर्शक थर देऊन. आणि सगळ्यात वर व्हार्निश, जुन्या काळी झाडाची राळ टर्पेंटाइनसारख्या द्रवात विरघळवून लावायचे.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंतत जाऊन घट्ट पापुद्रा तयार होतो. हाताला कोरडा लागायला काही दिवस ते काही आठवडे, पण आतून कडक होणं दशकानुदशकं चालू राहतं. व्हार्निशमधली राळ मात्र नुसती द्रव उडून जाऊन बसलेली असते, त्यामुळे योग्य द्रव लावला की ती पुन्हा विरघळते. दोनशे वर्षं जुना तेलरंग सहसा त्याच द्रवाला दाद देत नाही. व्हिडिओतली ‘जादू’ म्हणतात ती एवढीच, वरचा थर विरघळतो आणि खालचा विरघळत नाही. सहसा. या ‘सहसा’मधेच सगळी गोम आहे, ती पुढे येईल.

बिघडतं कुठे

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे हवेतला दमटपणा वर-खाली होणं. सरस आणि लाकूड ओल खाऊन फुगतात, कोरडं झालं की आखडतात, आणि वरचा म्हातारा रंग तेवढा ताणला जात नाही, मग तो तडकतो. जुन्या चित्रांवर बारीक तड्यांची जाळी दिसते ती यातूनच येते. नुसते तडे असले तर कोणी काही करत नाही, ते चित्राच्या वयाचा भाग आहेत. पण तड्यांच्या कडा वर उचलल्या, रंग तंबूसारखा फुगला, पोपडे सुटायला लागले, तर मग वेळ थोडा राहिलाय असं समजायचं.

दुसरं, रंग स्वतः बदलतात. काही लाल रंग उजेडाने उडतात, तांब्यापासूनचा पारदर्शक हिरवा हळूहळू तपकिरी होतो म्हणून जुन्या चित्रांतली झाडं कधीकधी वाळल्यासारखी दिसतात, हिंगुळाचा लाल कधी काळा पडतो. व्हॅन गॉगच्या प्रसिद्ध बेडरूमच्या भिंती आज निळ्या दिसतात, त्या मुळात जांभळट होत्या, त्यातला लाल उडून गेला. असा उडालेला रंग परत आणता येत नाही, कुठल्याच रसायनाने नाही, आणि वरून जांभळा मारायचा तर त्याचा विचारही कोणी करत नाही. तिसरा प्रकार मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतो, शिशाचा सफेदा आणि तेलातली आम्लं यांची वर्षानुवर्षं आतल्या आत रिॲक्शन होऊन चक्क साबण तयार होतो, त्याच्या बारीक गुठळ्या रंगातून पुरळ आल्यासारख्या वर येतात. रेम्ब्रांटच्या १६३२ च्या ‘डॉक्टर टुल्प’ चित्रातही हा साबण सापडलाय.

आणि मग माणसं. ओल्या फडक्याने पुसणारी, उकळत्या सरसाने मागून कापड चिकटवणारी, फिकट पडलं म्हणून वरून रंगवणारी. म्युझियममधल्या जुन्या चित्रांवर आज जे काम चालतं त्यातलं कितीतरी आधीच्या दुरुस्त्या निस्तरण्याचं असतं.

हात लावायच्या आधी नुसतं बघायचं

चित्र आलं की पहिले कित्येक दिवस कोणी बोळा उचलत नाही. आधी साध्या उजेडात फोटो, मग एका बाजूने अगदी आडवा उजेड टाकून फोटो, त्यात प्रत्येक फुगवटा आणि पोपडा सावलीसकट दिसतो. मग अंधार करून अल्ट्राव्हायोलेट दिवा. जुनं राळेचं व्हार्निश त्याखाली हिरवट चमकतं आणि नंतर कोणी वरून रंगवलं असेल ते काळे डाग होऊन दिसतं. विकायला आलेल्या जुन्या चित्रांवर हा दिवा मारला की पुष्कळदा सगळा चेहराच काळ्या ठिपक्यांनी भरलेला निघतो.

इन्फ्रारेड कॅमेऱ्याने रंगाखालचं कोळशाचं मूळ रेखाटन दिसतं, एक्स-रेत शिशाचा सफेदा हाडासारखा पांढरा उमटतो त्यामुळे खाली दडलेली आकृती, जुनी भोकं, चौकटीचे खिळे सगळं कळतं. कुठल्या रंगात कुठला धातू आहे तेही चित्राला स्पर्श न करता मोजता येतं. टायटॅनियमचा पांढरा रंग बाजारात आला तो साधारण १९२० च्या आसपास, मग सतराव्या शतकातल्या ढगात टायटॅनियम सापडलं तर तो ढग कोणीतरी नंतर काढलाय, यात वादच नको. अगदीच गरज पडली तर टाचणीच्या टोकाएवढा कण काढून तो आडवा कापून मायक्रोस्कोपखाली थर मोजतात.

पोपडे आणि फाटलेलं कापड

साफसफाई नंतर, आधी जे पडतंय ते थांबवायचं. सुटलेल्या पोपड्यावर अगदी पातळ जपानी कागदाचा तुकडा ठेवतात, त्यातून कोमट सरस आत झिरपवतात आणि जरा ऊब आणि हलका दाब देऊन पोपडा जागेवर बसवतात. हा सरस बऱ्याचदा स्टर्जन माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला असतो, जुना प्रकार आहे पण अजून त्याला तोड नाही, कारण तो पातळ असतानाही पकड चांगली धरतो आणि नंतर ओलावा देऊन सोडवताही येतो. दिवसभर काम करून तळहाताएवढा भाग झाला तरी भरपूर झालं म्हणायचं.

कॅन्व्हास फाटला असेल तर पूर्वी सरळ मागून दुसरं कापड चिकटवायचे, त्याला अस्तर लावणं किंवा लायनिंग म्हणतात. सरस आणि पिठाची खळ लावून वरून गरम इस्त्री फिरवायची. कापड मजबूत झालं, पण इस्त्रीच्या दाबाने रंगाचे जाड फटकारे चपटे झाले, आणि ज्या चित्रकाराची सगळी मजाच त्या जाड फटकाऱ्यांत होती त्याचं काय राहिलं मग! एकोणिसाव्या शतकात नेदरलँड्समधे मेण आणि राळ मुरवायची पद्धत निघाली, ती ओल थांबवायची पण काही चित्रांत मेण रंगापर्यंत चढून रंग कायमचे गडद झाले आणि ते मेण आता पूर्ण निघत नाही. शेवटी १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रिनिचला लायनिंगवर परिषद झाली आणि तिथे, आता जरा थांबा, ऊठसूट अस्तर लावू नका, असा सूर निघाला.

आज फाटलेल्या जागी शक्यतो धाग्याला धागा जोडतात. जर्मनीतल्या विनफ्रिड हायबर यांनी ही पद्धत नावारूपाला आणली. चित्र पालथं किंवा उताणं मऊ आधारावर ठेवायचं, मायक्रोस्कोप लावायचा, आणि फाटलेल्या कडेचे विस्कटलेले धागे दाताच्या डॉक्टरकडे असतात तसल्या बारीक हत्यारांनी एकेक करून पुन्हा मूळच्या विणीत आणायचे, वरचा वर, खालचा खाली, मग टोकाला टोक लावून सरस आणि गव्हाच्या स्टार्चच्या थेंबाने चिकटवायचं. धागा आखडून तोकडा झाला असेल तर मधे नवीन धाग्याचा तुकडा. रफूच म्हणा, पण सुई न घालता. हाताच्या बोटाएवढी चीर असेल तर काही दिवस सहज जातात, आणि पुढून बघणाऱ्याला ती चीर होती हेसुद्धा कळत नाही.

आता तो कापसाचा बोळा

व्हिडिओत दिसतो तसा भलामोठा बोळा आणि सरसर फिरणारा हात, हे बहुतेक कॅमेऱ्यासाठी. खरं काम बांबूच्या काडीवर स्वतः गुंडाळलेल्या, नखाएवढ्या कापसाने चालतं, आणि तो घासत नाहीत, लाटण्यासारखा गोल फिरवत नेतात, म्हणजे रंगावर ओरखडा येत नाही. एका बोळ्याने दोन-चार सेकंद, की तो फेकायचा आणि दुसरा घ्यायचा.

पहिली फेरी व्हार्निशवरच्या धुळी-धुराची. यासाठी चक्क थुंकी वापरतात, हो, माणसाची. कोमट असते, किंचित चिकट असते आणि तिच्यात स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी १९९० मध्ये यावर रीतसर अभ्यास केला, त्याला २०१८ मध्ये इग नोबेलही मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं संशोधन म्हणून.

मग व्हार्निश. इथे प्रत्येक चित्राचं द्रवाचं मिश्रण वेगळं निघतं, आणि एकाच चित्रात प्रत्येक रंगासाठीही वेगळं लागू शकतं. म्हणून आधी फ्रेमखाली झाकल्या जाणाऱ्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढ्या जागी चाचणी. सगळ्यात सौम्य द्रवापासून सुरुवात, नाही निघालं तर एक पायरी वर. बोळ्यावर पिवळा-तपकिरी रंग आला तर व्हार्निश निघतंय, पण जरा जरी गुलाबी, निळा दिसला की तिथल्या तिथे थांबायचं. आजकाल द्रव नुसता न लावता जेलमधे घालून लावतात, म्हणजे तो वरच्या थरातच काम करतो आणि तड्यांतून खाली पळत नाही.

आता तो ‘सहसा’. काही चित्रकारांनी रंगातच राळ मिसळली होती. इंग्लंडच्या जोशुआ रेनॉल्ड्सने तर राळ, मेण, डांबर असले सगळे प्रयोग केले आणि त्याची चित्रं त्याच्या हयातीतच तडकायला आणि फिकी पडायला लागली. अशा चित्रात व्हार्निश काढणारा द्रव रंगही काढतो. तिथे व्हार्निश पूर्ण न काढता नुसतं पातळ करतात, किंवा राहू देतात. कमेंट्समधली ती दुसरी पार्टी अगदीच चुकीची नसते, पूर्वी अतिउत्साहात साफ करून वरचे नाजूक पारदर्शक थर घालवलेली चित्रं जगभरच्या म्युझियममधे आहेत.

पण तो पिवळेपणा म्हणजेच तर जुनेपणा ना, कशाला काढायचा?

हा आक्षेप जुना आहे आणि त्यात दम आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीवर १८४६ पासून यासाठी टीका झालीये, आणि २०११ मध्ये पॅरिसच्या लूव्रमधे लिओनार्दोच्या सेंट ॲनच्या चित्रावरून सल्लागार समितीतल्या दोन मोठ्या तज्ज्ञांनी, जास्त साफ केलं जातंय असं वाटून, राजीनामाच दिला.

माझं मत असं की व्हार्निशचा पिवळेपणा आणि चित्राचं वय या दोन गोष्टी एक समजू नयेत. व्हार्निश चित्रकाराने लावलं तेव्हा ते काचेसारखं स्वच्छ होतं, शिवाय आज दिसतं ते बऱ्याचदा त्याचं नसतंच, मधल्या कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी मारलेलं असतं. पिवळ्या थराने निळं आकाश हिरवट दिसतं, पांढरा कपडा मळका दिसतो, आणि लांबचं-जवळचं सगळं एकाच पातळीवर येऊन चित्रातली खोली जाते. रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’चंच बघा. १६४२ चं चित्र, काळवंडलेल्या व्हार्निशमुळे लोकांना ते रात्रीचं वाटलं आणि तेच नाव पडलं, दुसऱ्या महायुद्धानंतर साफ केलं तेव्हा कळलं की दिवसाचा उजेड आहे. नाव मात्र आता बदलणार नाही. याच चित्रावर १९९० मध्ये एकाने ॲसिड फवारलं, पहारेकऱ्यांनी लगेच पाणी मारलं आणि ॲसिड व्हार्निशच्या थरातच अडकलं, खाली रंगापर्यंत पोचलं नाही. म्हणजे व्हार्निशचं काम शोभेपुरतंच नाही, ते बळी जायलाच ठेवलेलं असतं.

तरीही पूर्ण चकाचक करायचं की थोडा पिवळेपणा राखायचा हा निर्णय शास्त्र देत नाही, तो आवडीचा आणि विचाराचा भाग आहे, आणि त्यावर भांडणं होत राहणार.

रंग भरायचा, पण कुठे आणि कसला

व्हार्निश काढून झालं की उघड्या चित्रावर आधी नव्या व्हार्निशचा एक पातळ थर देतात. मूळ रंग आणि आपला हात यांच्यात ही भिंत. मग जिथे रंग पडून खड्डा झालाय तिथे खडू आणि सरसाची लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती आजूबाजूच्या पातळीला आणायची, आणि तिच्यावर कॅन्व्हासची वीण किंवा ब्रशचे फटकारे सुईने कोरायचे, कारण सपाट ठिगळ रंग कितीही जुळला तरी आडव्या उजेडात उठून दिसतं.

दाढेत खड्डा पडला तर डेंटिस्ट खड्डाच भरतो, शेजारच्या धड दातावर सिमेंट फासत नाही. इथेही तोच नियम, नवा रंग फक्त लांबीवर, मूळ रंगावर एक ठिपकासुद्धा नाही. पूर्वीचे लोक इथेच घसरायचे, खड्डा मसुराएवढा आणि रंगवलेला भाग तळहाताएवढा, कारण छटा जुळत नाही म्हणून जरा पसरवू, अजून जरा पसरवू करत अख्खं आकाश नवीन.

आणि हा रंग तेलाचा नसतो. बऱ्याच जणांना हे ऐकून धक्का बसतो, ऑइल पेंटिंग आहे तर ऑइल पेंटच लावा की! पण तेलरंग वाळताना गडद आणि पिवळा होतो, आज जुळलेली छटा वीस वर्षांनी डाग होऊन दिसते, आणि एकदा कडक झाला की तो मूळ रंगाला इजा न करता काढणं अवघड. म्हणून वॉटरकलर किंवा सिंथेटिक राळेत कालवलेले खास रंग वापरतात, ते सौम्य द्रवाने पन्नास वर्षांनीही निघावेत या बेताने बनवलेले असतात. रंग जुळवणं हेही सोपं नाही, खिडकीच्या उजेडात तंतोतंत जुळलेला ठिपका बल्बखाली वेगळाच दिसू शकतो, म्हणून शक्यतो मूळ चित्रात जी पूड वापरलीये तीच घेतात.

काही ठिकाणी दुरुस्ती मुद्दाम ओळखू येईल अशी ठेवतात. इटलीत चेझारे ब्रांदी यांच्या विचारातून एक पद्धत निघाली, गेलेल्या जागी बारीक उभ्या रेघांनी रंग भरायचा. लांबून चित्र सलग दिसतं, जवळ गेलात की रेघा दिसतात आणि कळतं की हे मूळ नाही.

इतकं कशाला, सरळ नव्यासारखं करून टाका ना

मूळ चित्रकार असता तर त्यानेच पुन्हा रंगवलं असतं, असंही म्हणतात. असता तर कदाचित रंगवलं असतं, पण तो नाहीये, आणि त्याच्या जागी दुसरा कितीही हुशार माणूस बसला तरी तो अंदाजच असतो. १९८५ मध्ये लेनिनग्राडच्या हर्मिटाज म्युझियममधे एका माणसाने रेम्ब्रांटच्या ‘डॅनाए’वर चाकूने वार केले आणि सल्फ्युरिक ॲसिड फेकलं, चेहरा आणि अंगाचा मधला भाग वितळून ओघळला. जुने फोटो होते, नकला होत्या, हुबेहूब पुन्हा रंगवणं शक्य होतं. तिथल्या लोकांनी तसं केलं नाही. जे मूळ उरलं ते पक्कं केलं, गेलेल्या भागात नजर अडकू नये एवढाच रंग दिला, आणि तब्बल १२ वर्षांनी १९९७ मध्ये चित्र परत भिंतीवर आलं, काचेमागे. नीट बघितलं तर नुकसान दिसतं. मला तरी हा निर्णय पटतो, कारण पूर्ण रंगवलेलं असतं तर आज आपण रेम्ब्रांटच्या नावाखाली दुसऱ्याच कोणाचं चित्र बघत असतो.

मग वरून आधीच कोणी रंगवलेलं असेल तर? तिथे उलटा प्रश्न, काढायचं का. ड्रेस्डेनमधल्या व्हर्मियरच्या एका चित्रात एक मुलगी खिडकीशी पत्र वाचतेय आणि मागची भिंत कोरी. १९७९ च्या एक्स-रेत दिसलं की त्या भिंतीवर मदनाचं मोठं चित्र टांगलेलं आहे, वरून झाकलंय. सगळ्यांनी धरून चाललं की व्हर्मियरनेच बेत बदलला असेल. २०१७ मध्ये नमुने तपासले तर मदन आणि वरचा भिंतीचा रंग यांच्यामधे व्हार्निशचा आणि मळाचा थर निघाला, म्हणजे मूळ चित्र पूर्ण होऊन, व्हार्निश लागून, धूळ बसून कित्येक दशकं गेल्यावर कोणीतरी भिंत रंगवलेली. व्हर्मियर तोपर्यंत जिवंतच नव्हता. मग मायक्रोस्कोपखाली शस्त्रक्रियेच्या चाकूने तो थर कणाकणाने काढला, आणि २०२१ मध्ये मदनासकट चित्र लोकांसमोर आलं.

बेल्जियममधल्या गेंटच्या १४३२ च्या वेदीचित्रातल्या कोकराचं तर हसं झालं. साधारण १५५० मध्ये त्याचा चेहरा वरून रंगवलेला होता, १९५० च्या सुमाराच्या साफसफाईत मूळ कान उघडे पडले आणि बरीच वर्षं ते कोकरू चार कानांचं होतं. अलीकडच्या कामात वरचा सगळा रंग काढल्यावर खालून माणसासारखे रोखून बघणारे डोळे आले, आणि इंटरनेटवर लोकांनी रिस्टोरेशनवाल्यांनाच शिव्या घातल्या, बोर्हासारखं बिघडवलं म्हणून. ते डोळे मूळ चित्र काढणाऱ्या व्हॅन आइक बंधूंच्या काळातलेच आहेत.

आणि ती साडेतीन तासांची फिल्म?

एमआयटीची पद्धत अशी की चित्र आधी साफ करायचं, स्कॅन करायचं, कॉम्प्युटरवर गेलेले भाग भरायचे, मग तेवढेच भाग पातळ पॉलिमर फिल्मवर प्रिंट करून ती फिल्म व्हार्निशने चित्रावर बसवायची. नको झाली तर नेहमीच्या द्रवांनी ती निघते, आणि नेमकं कुठे काय भरलं याची डिजिटल फाइल कायम शिल्लक राहते. ही शेवटची गोष्ट मला वेगापेक्षा मोठी वाटते.

पण साडेतीन तास हे फक्त रंग भरण्याचे. पोपडे बसवणं, फाटलेलं जोडणं, व्हार्निश काढणं, यातलं काहीही ती फिल्म करत नाही. जाड फटकाऱ्यांच्या खडबडीत चित्रावर सपाट फिल्म बसणंही कठीण. आणि चेहराच गेला असेल तर तिथे काय भरायचं, दुसऱ्या चित्रातून उचलायचं की मोकळं सोडायचं, हा प्रश्न ‘डॅनाए’पुढे होता तसाच कॉम्प्युटरपुढेही आहे. म्युझियमच्या तळघरांत पैशाअभावी पडून राहिलेल्या, फार नाव नसलेल्या चित्रांना मात्र याचा खरंच फायदा होऊ शकतो.

घरात असं चित्र असेल तर

बटाटा, कांदा, पाव, साबणाचं पाणी यातलं काहीही लावू नका. पाणी तड्यातून सरसापर्यंत जातं, सरस फुगतो आणि दोन दिवसांनी पोपडे सुटतात, आणि बटाटा-पावातला स्टार्च मागे राहून बुरशीला खाऊ होतो. पोपडे सुटत नसतील तरच मऊ कोरड्या ब्रशने हलकी धूळ काढा, सुटत असतील तर तेही नको.

फाटलं तर मागून टेप लावायचा मोह होतो, तो आवरा. टेपचा गोंद कापडात मुरतो आणि काढताना धागे घेऊन निघतो. चित्र उताणं, आडवं ठेवा, पडलेले पोपडे कितीही बारीक असले तरी पाकिटात जमा करा, त्यातले बरेच परत जागेवर बसवता येतात. भिजलं असेल तर उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर नको, सावलीत आडवं ठेवून सावकाश वाळू द्या. टांगताना बाहेरची ओल येणारी भिंत, थेट ऊन आणि हीटर टाळा, हवेतला दमटपणा ५० टक्क्यांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे स्थिर राहिला तर निम्मं काम झालं.

रिस्टोरर शोधताना फोनवर फोटो बघून ‘चार दिवसात नवीन करून देतो’ म्हणणाऱ्याला चित्र देऊ नका. चांगला माणूस आधी चित्र हातात घेऊन बघेल, काय करणार आणि काय करणार नाही ते लिहून देईल, चाचणी केलेला कोपरा दाखवेल, आणि शेवटी आधीचे-नंतरचे फोटो, कुठला सरस, कुठलं व्हार्निश, कुठे रंग भरला, हे सगळं रिपोर्टमधे देईल. तो रिपोर्ट चित्रासोबतच ठेवा, पुढच्या वेळी जो कोणी हे चित्र उघडेल त्याला सगळ्यात आधी तोच लागणार आहे.